गायक नसलेला बँड कोल्हापुरात कसा उभा करायचा: सायकेडेलिक जॅझ-रॉक, पहिल्या जॅमपासून पहिल्या गिगपर्यंत

सहा वर्षं झाली आमचा बँड चालू होऊन आणि आई अजून विचारते, "गाणारा मिळाला न्हाई व्हय रे अजून?" तिला सांगून दमलो की आम्हाला गाणारा नकोच आहे, आमचं सगळं वाजवण्यातच आहे. ती म्हणते मग लोकं बघायची कुणाकडं? प्रश्न चुकीचा नाही बरं का. गायक असला की त्याच्या शब्दामागं लपता येतंय, गायक नसला की सात मिनिटांच्या ट्यूनमध्ये प्रत्येकाला दिसतंय की बँडला पुढं कुठं जायचंय ते माहितीय का नाही. त्यामुळं खाली जे लिहिलंय ते सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतंय, ती म्हणजे तासभर नुसतं घुसळत बसणारी पोरं सात मिनिटांची नीट ट्यून वाजवणारा बँड कशी होतात. मी बास वाजवतो, दिवसा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत मशीनवर असतो, संगीताचं शिक्षण झालेलं नाही, तेव्हा पंडित मंडळींनी सांभाळून घ्या.

आधी माणसं, सामान नंतर

चार जण पुरेत. ड्रम्स, बास, गिटार आणि चौथा कीबोर्ड किंवा सॅक्सोफोन. आम्ही पाच आहोत आणि पाचवा माणूस म्हणजे काय त्रास असतोय हे व्हॉट्सअपवर प्रॅक्टिसची वेळ ठरवताना कळतंय.

माणसं शोधताना फक्त गिटार क्लासच्या दारात उभं राहू नका. आमचा ड्रमर बेंजो पार्टीत ताशा वाजवायचा, मिरवणुकीत सहा-सहा तास उभ्यानं वाजवलेला माणूस, त्याचा दम संपतच नाही. सॅक्स वाजवणारे मामा लग्नाच्या बँडातले, वय बावन्न, नोटेशन अजिबात वाचत नाहीत पण एकदा ऐकलं की वाजवलंच. जॅझ हा शब्द त्यांनी आमच्याकडं येऊन पहिल्यांदा ऐकला आणि दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "पोरांनो, हे तर आम्ही वरातीत करतोयच की, गाणं संपलं आणि नवरदेव पुढं सरकंना तर काय करायचं?" त्याच्यापेक्षा चांगली इम्प्रोव्हायझेशनची, म्हणजे ऐनवेळी सुचेल ते वाजवण्याची व्याख्या मला कुठं मिळाली नाही.

नवीन माणूस आला की आम्ही एक परीक्षा घेतो. बासवर फक्त डी हा एकच सूर वाजवत ठेवायचा, दहा मिनिटं, कॉर्ड बदलायची नाही, आणि त्याला म्हणायचं वाजव. पहिल्या दोन मिनिटांत जेवढं येतंय तेवढं सगळं वाजवून मोकळा होतो तो भारी वाजवणारा असंल पण ह्या कामाचा नाही. चौथ्या मिनिटाला जो थांबतो, बघतो ड्रमर काय करतोय, आणि मग दोनच सूर लावतो, त्याला चहा पाजा आणि सोडू नका.

काय ऐकायचं आणि कसं

सायकेडेलिक जॅझ-रॉक, म्हणजे रॉकचा आवाज, जॅझचं ऐनवेळी सुचलेलं वाजवणं आणि वर धुंदी, हा प्रकार एका दिवसात जन्मला नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यात लंडनमध्ये जमैकाचा सॅक्सवाला जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेला संगीतकार जॉन मेयर ह्यांनी सतार-तबला आणि जॅझची मंडळी एकत्र बसवली. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्कला ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसनं तीन दिवस डझनभर माणसं स्टुडिओत घेतली, दोन-तीन इलेक्ट्रिक पियानो, दोन ड्रमर, आणि लांबलचक वाजवून घेतलं, मग प्रोड्यूसर टेओ मॅसेरोनं टेपा कापून जोडून त्याचा अल्बम केला जो १९७० ला आला. १९७१ ला गिटारवाल्या जॉन मॅकलॉफ्लिननं महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड काढला आणि नंतर झाकीर हुसेन यांच्याबरोबर शक्ती. इकडं मुंबईतही सत्तरच्या दशकात अॅटॉमिक फॉरेस्टसारखे बँड फझ (गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल) लावून वाजवत होते.

पण बँड कसा वाढतो हे बघायचं असेल तर इंग्लंडच्या कँटरबरीतल्या सॉफ्ट मशीनचा प्रवास ऐका. १९६६ ला सुरुवात केली तेव्हा सायकेडेलिक गाणी, गायक सगळं होतं. १९७० च्या तिसऱ्या अल्बमला दोन रेकॉर्डी आणि एकूण ट्रॅक चारच, म्हणजे एका बाजूला एक. १९७१ ला ड्रमर-गायक रॉबर्ट वायट बाहेर पडला आणि मग शब्द गेलेच. हे तीनचार अल्बम क्रमानं ऐकले की कळतंय की गाणं कमी होत जाताना बँडनं त्या रिकाम्या जागेत काय भरलं.

ऐकताना गिटारचा सोलो ऐकू नका, तो सगळेच ऐकतात. सोलो चालू असताना बाकीचे काय करताहेत ते ऐका. कोण थांबलाय, कुणी सूर धरून ठेवलाय, कुणी मुद्दाम आवाज कमी केलाय.

आणि घरातलं विसरू नका राव. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारात होते, जयपूर-अत्रौली गायकी ह्या गावात वाढली, गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे. त्या गायकीत आलाप लयीला सोडून मोकळा फिरत नाही, प्रत्येक सूर तालात बांधलेला असतो आणि एकेक सूर वाढवत वर जातात. आमच्या गिटारवाल्याला मी त्याच गायकीतल्या केसरबाई केरकरांचं जुनं रेकॉर्डिंग सलग महिनाभर ऐकायला लावलं, आधी शिव्या घातल्या त्यानं, पण आता त्याचा सोलो पहिल्या मिनिटालाच वरच्या सा ला जाऊन बोंबलत नाही.

खोली

आमची खोली म्हणजे उद्यमनगरातल्या एका बंद वर्कशॉपची मागची बाजू. उद्यमनगरचा फायदा असा की दिवसभर लेथ आणि ग्राइंडर चालू असतात तेव्हा ड्रम्सचं कुणाला काही वाटत नाही. पेठेत घरात करणार असाल तर मात्र नियम लक्षात ठेवा, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ड्रम सेट खोलीत सहज १०० च्या वर जातो. आम्ही सात ते साडेनऊ वाजवतो आणि मग गंगावेशीत दूध कट्ट्यावर.

अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवून आवाज थांबत नाही. आम्ही दोनशे ट्रे चिकटवले, शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी तेवढ्याच तावातावानं आल्या. आवाज अडवायला वजन लागतंय आणि फटी बंद लागतात, म्हणजे दाराला खालून रबर, खिडकीला आतून जाड प्लायवूड, भिंतीवर जुन्या गाद्या. गाद्यांनी बाहेर जाणारा आवाज थोडाच कमी होतोय पण आतला घुमारा मरतोय आणि तेव्हाच पहिल्यांदा कळतंय की बास आणि किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) एकत्र पडत नव्हते.

कानाचं बघा. ८५ डेसिबलला आठ तास चालतात असं धरलं तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. इअरप्लग घ्या, लाजू नका.

जॅम कसा करायचा

इथं जरा जास्त थांबतो कारण सगळे इथंच अडकतात.

पहिलं वर्ष आम्ही नुसतं जॅम केलं, म्हणजे काही न ठरवता एकत्र वाजवत बसलो. मजा यायची, घरी जाताना वाटायचं आज काय वाजवलंय, जगात भारी! आणि पुढच्या आठवड्यात त्यातलं काहीही आठवायचं नाही. मग एक दिवस कीबोर्डवाल्यानं फोन मध्ये ठेवून सगळं रेकॉर्ड केलं आणि दूध कट्ट्यावर बसून ऐकलं. चाळीस मिनिटांतली छत्तीस मिनिटं ऐकवत नव्हती. पाचही जण एकाच वेळी वाजवत होतो, कुणी कुणाला जागाच देत नव्हतं, मी तर बासवर असं काही करत होतो की माझं मलाच कळंना. मामा हळूच म्हणाले, "मी बाविसाव्या मिनिटाला शिंकलो ते तेवढं बरं वाटलं बघा, कारण तेव्हा सगळे थांबलेत." हसलो सगळे, पण घरी जाऊन मी बाविसावं मिनिट परत ऐकलं. खरंच होतं. शिंकेनंतर ड्रमरनं फक्त हायहॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) चालू ठेवली होती, गिटारवाला बिचकून एकच सूर डिलेमध्ये (सूर परत परत ऐकवणारं पेडल) सोडून गप्प बसला होता, आणि त्या वीस सेकंदांत जे झालं त्याच्यावर आमची पहिली ट्यून उभी आहे.

तेव्हापासून पद्धत ठरली ती अशी. जॅम वीस मिनिटांचा, जास्त नाही. फोन ड्रम्सपासून लांब, बासच्या अँपसमोर पण नाही, खोलीच्या मध्ये उंचावर. सुरू करायच्या आधी एकच अट घालायची, आज फक्त एक कॉर्ड, किंवा आज गिटारनं पहिली पाच मिनिटं वाजवायचंच नाही, किंवा आज कुणीही ड्रमरपेक्षा मोठा आवाज काढायचा नाही. अट नसली की प्रत्येकजण आपापल्या सवयीच्या चार गोष्टी वाजवतोय. मग त्याच रात्री नाही, दोन दिवसांनी ऐकायचं, त्या रात्री सगळं चांगलंच वाटतंय. वहीत मिनिट-सेकंद लिहायचं, "१३:४० बासची लाइन, ठेवा", "१७:०५ इथं मामा थांबल्यावर बरं झालं". जॅमला तीन खुणा पुरेत, एकही नसली तर तो जॅम पुसून टाका, जड मनानं का होईना.

जर्मनीतल्या कॅन ह्या बँडनं पण हेच केलं, स्वतःच्या स्टुडिओत तासनतास वाजवायचे आणि बासवाला होल्गर झुकाय त्या टेपांमधून तुकडे काढून जोडायचा. हे वाचल्यावर मला जरा धीर आला की बासवाल्यालाच ही हमाली करावी लागते.

थाट आणि ताल, म्हणजे ट्यूनचा पाया

इंटरनेटवर मोडचे, म्हणजे पाश्चात्य स्वरसंचांचे तक्ते बघून पोरं घाबरतात. तुम्हाला थाट, म्हणजे आपल्या रागांचे मूळ स्वरसंच, माहिती असतील तर अर्धं काम झालंय. काफी थाट म्हणजे डोरियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, कल्याण म्हणजे लिडियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन, आसावरी म्हणजे नॅचरल मायनर. स्वर तेच, फक्त राग आणि स्केल एक नाही हे लक्षात ठेवा, रागाला चलन असतंय, वादी-संवादी असतंय, आपण फक्त स्वर उधार घेतोय. काफीच्या स्वरांवर डी मायनर सेव्हन आणि जी सेव्हन आलटून पालटून, हे सुरुवातीला सगळ्यात सोपं, त्यात चुकलं तरी चुकल्यासारखं वाटत नाही. पुढं चारुकेशीचे स्वर करून बघा, खालचा अर्धा भाग मेजरसारखा आणि वरचा मायनरसारखा, डी सेव्हन कॉर्डवर बसतोय आणि त्यात ती सायकेडेलिक धुंदी आपोआप येते, पेडल न लावता.

आता ताल. रॉकवाल्यांना सात मात्रा म्हणजे काहीतरी भयानक गणित वाटतंय. आपल्याला रूपक आहे की, तीं तीं ना धी ना धी ना, तीन-दोन-दोन. पण एक गंमत बघा. रूपकची सम, म्हणजे आवर्तनाची (तालाच्या एका फेरीची) पहिली मात्रा, 'खाली'ची आहे, म्हणजे तिथं बायाँचा (तबल्याच्या डग्ग्याचा) घुमारा नाही, तो चौथ्या आणि सहाव्याला येतोय. आमचा ड्रमर सवयीनं एकवर किक हाणायचा आणि ट्यून मिरवणुकीसारखी चालायची, दाण दाण. मी म्हटलं भावा, एकला किक मारूच नको, चार आणि सहालाच मार. पहिल्यांदा पडला, दुसऱ्यांदा पडला, तिसऱ्यांदा बसलं आणि अख्खी ट्यून जमिनीवरनं दोन बोटं उचलली गेली. त्यात मी बासवर पहिल्या मात्रेचा सूर जरा लांबवला, म्हणजे सम ऐकू येते पण आपटत नाही. एवढी एक गोष्ट करून बघाच.

ट्यूनचा सांगाडा साधा ठेवा. सुरुवातीला धून, म्हणजे गिटार आणि सॅक्स एकत्र आठ किंवा सोळा आवर्तनांची ओळ, मग एका कॉर्डवर मोकळं मैदान, सोलो एकाचा किंवा दोघांचा, पाचही जणांना प्रत्येक ट्यूनमध्ये सोलो द्यायची गरज नाही (ह्यावरून आमचं एकदा चांगलंच वाजलंय), मग परत धून. मधल्या मोकळ्या भागातून बाहेर यायचं कसं हा खरा प्रश्न. डोळ्यांनी इशारा करायचा म्हटलं तर गिटारवाला डोळे मिटून वाजवतोय.

आमचं उत्तर तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. सात मात्रांत दोन मात्रांचा तुकडा, एक मात्रा रिकामी, परत तुकडा, एक रिकामी, परत तुकडा, म्हणजे दोन अधिक एक अधिक दोन अधिक एक अधिक दोन, झाल्या आठ, आणि आठवी म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. लांब हवी असेल तर पाच मात्रांचा तुकडा न थांबता तीनदा, झाल्या पंधरा, म्हणजे दोन आवर्तनं चौदा आणि शेवटचा घाव समेवर. ड्रमरनं लांबवाली सुरू केली की सगळ्यांना कळतंय आपल्याकडं दोन आवर्तनं आहेत, गिटारवाला डोळे मिटलेले असले तरी ऐकू येतंयच की.

पेडल आणि आवाज

सायकेडेलिक म्हणजे दहा पेडल असं नाही. फझ, वाह (पायानं आवाज उघडझाप करणारं), फेझर (आवाज गरगर फिरवणारं), डिले, एवढं पुरे. फझ शक्यतो गिटारला सगळ्यात आधी, जुन्या पद्धतीच्या फझला मध्ये दुसरं काही आलं की आवाज पिचकतो. फेझर त्याच्यानंतर, डिले आणि रिव्हर्ब शेवटी. डिलेची वेळ अंदाजानं लावू नका, ६०,००० भागिले ट्यूनचा टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती मात्रा. ९६ चा टेम्पो असेल तर ६२५ मिलिसेकंद, आणि तो थोडा तिरका, नाचरा हवा असेल तर त्याचा पाऊण, म्हणजे साधारण ४६९. सातच्या तालात हा पाऊणवाला डिले लावला की सूर मात्रांच्या मधल्या फटींत पडत राहतात, ऐकणाऱ्याला सम शोधावी लागते.

पेडलचा अडाप्टर ९ व्होल्टचा आणि बहुतेक वेळा आतला पिन निगेटिव्ह असतो. आमच्या गिटारवाल्यानं घाईत घरच्या वायफाय राउटरचा अडाप्टर लावला, १२ व्होल्ट आणि पिन उलटी. धूर फार नाही आला, वास मात्र आला. अडाप्टरवरचं चिन्ह बघायला दोन सेकंद लागतात.

रेकॉर्डिंग

ट्यून वीस वेळा खोलीत वाजवून झाल्याशिवाय रेकॉर्डिंगच्या नादाला लागू नका. आणि शक्यतो सगळ्यांनी एकत्र, एकाच वेळी वाजवा, तुकड्यातुकड्यानं केलं की ऐकणं मरतंय. ड्रमला चार-पाच माइक नसले तरी चालतंय, एक स्नेअरच्या (खणखणीत वाजणारा मधला ड्रम) वर, एक फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभा मोठा ड्रम) बाजूला, एक किकसमोर. वरचे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर पाहिजेत, आम्ही सुतळी लावून मोजतो, मशीन शॉपची सवय. नाहीतर स्नेअर पोकळ ऐकू येतो.

ट्यूनचा रचनाकार कोण हे रेकॉर्डिंगच्या आधी लिहून ठेवा, व्हॉट्सअपवर का होईना. शब्द नाहीत म्हणून गीतकाराचा वाटा नाही, पण धून कुणाची, बासची लाइन कुणाची ह्यावर नंतर भांडणं होतात. आम्ही पाचही जणांच्या नावावर सारखं टाकलंय, शिंकेसकट.

पहिला गिग

पहिला गिग कॅफेत किंवा कॉलेजात घ्या, चाळीस मिनिटं, पाच ट्यून, त्यातल्या दोन छोट्या. पहिली ट्यून लांब नको. लोक "गाणं कधी सुरू होणार" म्हणून वाट बघत असतात, पहिल्या मिनिटात धून आली पाहिजे, धुंदी नंतर. मध्ये कुणीतरी दोन वाक्यं बोला, ट्यूनचं नाव सांगा. आमच्या एकीचं नाव रंकाळा साडेसात आहे, कारण साताच्या तालातली आहे आणि ड्रमर अर्धी मात्रा नेहमी जास्त घ्यायचा. नाव सांगितलं की लोक हसतात आणि ऐकतात.

पुण्याला जायचं म्हटलं तर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, ड्रमसेट न्यायला टेम्पो लागतोय, तेव्हा आधी विचारा तिथं ड्रम्स आहेत का. झांजा आणि स्नेअर मात्र स्वतःचे न्या.

आणि करंट. एका मंडळाच्या स्टेजवर जनरेटरला अर्थिंगच नव्हतं. मी बासच्या तारांवर हात ठेवून माइकमध्ये "नमस्कार कोल्हापूर" म्हणायला गेलो आणि ओठांना असा झटका बसला की नमस्कार तिथंच राहिला, लोकांना वाटलं इफेक्ट आहे, टाळ्या पडल्या. मामांनी मागनं मेन बंद केला म्हणून पुढचं काही झालं नाही. तेव्हापासून माझ्या बॅगेत मल्टिमीटर असतोय. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास दाखवलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्टच्या वर नको. फेज-अर्थमध्ये काहीच दाखवत नसेल तर अर्थिंग नाही, तिथं वाजवायचं नाही, आयोजक कितीही "काय होत न्हाई ओ" म्हणू देत. मीटर वापरता येत नसेल तर त्यांच्या वायरमनला समोर उभं करून तपासून घ्या. अँपची तिसरी (अर्थची) पिन तोडून हम, म्हणजे स्पीकरची घूं-घूं, घालवणारे भेटतील, त्यांच्या हातात आपलं सामान देऊ नका. सगळे अँप आणि मिक्सर एकाच लाइनवरून घ्या, माइकला फोमचं टोपण लावा, आणि स्टेजवर चढल्यावर पहिल्यांदा माइकला हाताच्या पालथ्या बाजूनं हलकंच शिवून बघा, ओठ नंतर.